‘महत्त्वाकांक्षी’ : शब्दाचा अर्थ आणि त्याच्या वापराचा अधिकार

महाराष्ट्राबाहेरच्या विद्यापीठात मराठी शिकविताना एक गोष्ट हमखास अनुभवास येते. हिंदी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला अपरिचित शब्द फारसे अडवीत नाहीत. त्याला अडवितात ते परिचित शब्द. एका अनुवादवर्गात मी गिरणी कामगाराच्या मुलाविषयीचा एक मराठी परिच्छेद दिला होता. त्यात त्या मुलाला ‘जिद्दी’ म्हटले होते. विद्यार्थ्याने हिंदीत तो शब्द जसाच्या तसा ठेवला, आणि मराठीत ज्याचा गौरव झाला होता तो मुलगा हिंदीत हट्टी, कोणाचे न ऐकणारा होऊन बसला. चूक दाखविल्यावर विद्यार्थ्याने विचारले, ‘मग काय लिहू? महत्त्वाकांक्षी?’ मी नाही म्हणालो. पण का नाही, हे मला त्या वेळी नीट सांगता आले नाही. प्रस्तुत निबंध हा त्या अपुऱ्या उत्तराचा पाठपुरावा आहे.

‘महत्त्वाकांक्षी’ हा शब्द गुण सांगतो की दोष? कोशांतून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, कारण कोश अर्थ देतात, वापराचा अधिकार देत नाहीत. हा शब्द कोणाविषयी, कोणाकडून आणि कोणासमोर उच्चारला जातो यावरून त्याचा भाव ठरतो. शिवाय ज्यांना मोठे व्हावयाचे आहे अशा सर्वच माणसांना मराठीने हा शब्द दिलेला नाही. काहींसाठी तिने वेगळे शब्द राखून ठेवले आहेत, आणि त्या वाटपात आपल्या सामाजिक इतिहासाचा बराचसा भाग दडलेला आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

प्रथम शब्दाच्या घडणीकडे पाहू. ‘महत्’ या विशेषणाला ‘त्व’ हा भाववाचक प्रत्यय लागून ‘महत्त्व’ सिद्ध होते. (दुसरा ‘त’ गाळून ‘महत्व’ लिहिण्याची सवय आता इतकी पसरली आहे की शुद्ध रूप लिहिणाऱ्यालाच विद्यार्थी शंका विचारतात.) सांख्यांच्या परिभाषेत ‘महत्’ हे प्रकृतीचे पहिले परिणत तत्त्व, म्हणजेच बुद्धी, आणि त्यातून पुढे अहंकार निर्माण होतो. मराठीतील ‘महत्त्व’ या दार्शनिक उंचीवरून बरेच खाली आले आहे. मोठेपणा हा त्याचा मूळ अर्थ मागे पडून आज ‘दखल घेण्याजोगे असणे’ एवढाच अर्थ मुख्यत्वे उरला आहे. समासाचा दुसरा घटक ‘आकांक्षा’. न्यायशास्त्रात वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. तेथे आकांक्षा म्हणजे इच्छा नव्हे, तर एका पदाला दुसऱ्या पदावाचून येणारे अपुरेपण. ‘गायीला’ एवढेच म्हटले की ऐकणाऱ्याचे मन पुढच्या पदाची वाट पाहते, ती आकांक्षा. हा शास्त्रीय अर्थ आपल्या शब्दाला थेट लागू करता येणार नाही हे खरे. तरीही महत्त्वाकांक्षी माणूस हा मूलतः अपुरे वाक्य आहे, ही कल्पना मला मोलाची वाटते.

संस्कृत भाषेने अशा माणसांसाठी निराळी व्यवस्था केली होती. धातूलाच इच्छार्थक रूप देऊन ती कर्ता घडविते : जिंकू इच्छिणारा तो विजिगीषु, जाणू इच्छिणारा तो जिज्ञासू, सुटू इच्छिणारा तो मुमुक्षू, होऊ इच्छिणारा तो बुभूषु. येथे इच्छा क्रियेला जोडलेली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मंडलाच्या मध्यभागी जो राजा उभा आहे तो ‘विजिगीषु’. त्याचा मित्र, त्याचा शत्रू, शत्रूचा मित्र ही सगळी वर्तुळे त्याच्या संदर्भाने आखलेली आहेत. मात्र तो असा असणे चांगले की वाईट, हा प्रश्न त्या शब्दात नाही. तो एक स्थानवाचक शब्द आहे. ‘महत्त्वाकांक्षी’मध्ये इच्छा क्रियेला जोडलेली नसून अवस्थेला जोडलेली आहे. काय करावयाचे आहे हे तो सांगत नाही, काय व्हावयाचे आहे एवढेच सांगतो. आणि करण्याचा तपशील गळाला की ऐकणाऱ्याच्या मनात संशयाला जागा होते.

इतर भारतीय भाषांकडे पाहता, हिंदी आणि गुजराती यांनी हाच समास स्वीकारलेला दिसतो, कन्नडमध्येही तो रूढ आहे. बंगालीत मात्र ‘उच्चाकांक्षा’, ‘उच्चाशा’ असे शब्द आहेत, आणि ओडियात ‘उच्चाभिलाष’. पूर्वेकडील भाषांनी उंचीची कल्पना निवडली, पश्चिमेकडील भाषांनी आकारमानाची. उंची गाठणाऱ्याला शिडी लागते, मोठा होणाऱ्याला जागा लागते, आणि जागा बहुधा दुसऱ्याची असते. या रूपकभेदावर अधिक भार टाकणे धाडसाचे होईल, म्हणून तो नोंदवून पुढे जातो. उर्दूने तिसराच मार्ग धरला. ‘हौसला’ हा अरबी शब्द मुळात पक्ष्याच्या गळ्याजवळील अन्नाच्या पिशवीचा वाचक; त्यावरून सामावून घेण्याची शक्ती आणि तीवरून धैर्य. ‘हौसलामंद’ माणसाची थोरवी त्याच्या पोटात किती मावते यावर ठरते.

युरोपीय परंपरेत हा शब्द प्रथमपासूनच संशयित आहे. लॅटिन ‘अंबितिओ’चे मूळ ‘अंबिरे’ म्हणजे भोवती हिंडणे या क्रियापदात आहे. रोममध्ये निवडणुकीच्या आधी मते मागत हिंडणाऱ्याची ती क्रिया. तिच्यातूनच ‘अंबितुस’ हा गुन्ह्याचा शब्द निघाला, आणि मतदारांना लाच देणाऱ्यांविरुद्ध इसवी सनपूर्व ६७ आणि ६३ मध्ये कायदे करण्यात आले. यांतला दुसरा सिसेरोच्या कॉन्सलपदाच्या वर्षातला. सॅलस्टने अंबितिओला दुर्गुणच म्हटले, पण लोभापेक्षा सद्गुणाच्या जवळचा दुर्गुण असे म्हटले. त्याच्याही आधी ॲरिस्टॉटलने ‘नीतिशास्त्रा’त ‘फिलोतिमोस’ म्हणजे मानप्रिय माणसाविषयी एक मार्मिक निरीक्षण केले होते. आपण कधी मानप्रियाची स्तुती करतो, कधी निंदा. कधी निरिच्छाची स्तुती करतो, कधी निंदा. असे का होते? तर यांच्या मधला जो योग्य गुण आहे त्याला नावच नाही. म्हणून दोन्ही टोके त्या रिकाम्या जागेवर हक्क सांगतात. आधुनिक ग्रीकमध्ये याच कुळातला ‘फिलोतिमो’ हा शब्द स्वाभिमान आणि कर्तव्यनिष्ठा यांचा वाचक होऊन राष्ट्रीय सद्गुणाच्या पदाला पोहोचला आहे.

शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये सीझरच्या प्रेतासमोर अँटनी जे भाषण करतो त्याचा सारा डोलारा या एका शब्दावर उभा आहे. ब्रूटसने सीझरवर ठेवलेला आरोप अँटनी पुनःपुन्हा उच्चारतो, आणि प्रत्येक उच्चाराबरोबर तो आरोप झिजत जातो. मराठी अनुवादकाने येथे ‘महत्त्वाकांक्षी’ हा शब्द वापरला तर आजच्या प्रेक्षकाला मुळात आरोपच ऐकू येत नाही. अमुक एक महत्त्वाकांक्षी होता म्हणून त्याला ठार मारले, हे त्याला विसंगत वाटते. ‘सत्तालोभी’ म्हटले तर आरोप उभा राहतो, पण झिजण्याची सोय उरत नाही, कारण लोभाला दुसरी बाजू नाही. इंग्रजी शब्द ज्या उंबरठ्यावर उभा आहे त्या उंबरठ्यावर उभा राहणारा एकच मराठी शब्द नाही. ‘मॅकबेथ’च्या रूपांतरकारांनी हा पेच निदान शीर्षकापुरता चतुराईने टाळला. शिवराम महादेव परांजपे यांनी आपल्या नाटकाला ‘मानाजीराव’ असे नायकाचे नाव दिले (त्यात ‘मान’ आहे हा योगायोग असेल), आणि वि. वा. शिरवाडकरांनी १९५४ साली ‘राजमुकुट’ असे इच्छित वस्तूचे नाव दिले. वृत्तीला कोणीच नाव दिले नाही. हिंदीत जयशंकर प्रसादांनी ‘चंद्रगुप्त’ (१९३१) या नाटकात महत्त्वाकांक्षेची सांगड थेट निष्ठुरतेशी घातली आहे; तेथे शब्द अजून धारदार आहे.

मराठीत तो इतका सौम्य कसा झाला? आपल्या जुन्या वाङ्मयाचा कल तर याच्या अगदी उलट दिशेचा आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायातील ‘अमानित्व’ या एका पदावर ज्ञानदेवांनी जे विस्तृत निरूपण केले आहे, त्यातला ज्ञानी पुरुष बृहस्पतीच्या तोडीची सर्वज्ञता असूनही मोठेपणाच्या भयाने वेडेपणात लपतो. मोठेपणाची इच्छा नव्हे, मोठेपणाचे भय! तुकोबांनी देवाकडे मागितले ते लहानपण. त्यामागचा व्यवहारही त्यांनी सांगितला आहे, की मुंगीला साखर मिळते आणि ऐरावताला अंकुशाचा मार. रामदास हे या परंपरेत वेगळे पडतात. देह गेल्यावर मागे कीर्ती उरावी, प्रयत्न सोडू नये, माणसे जोडावीत असे ते उघडपणे सांगतात. मात्र त्यांचा ‘महंत’ हा समुदायाचा आहे, स्वतःचा नव्हे. संतांच्या बोलीत ‘महत्त्वाकांक्षी’ हा समास आपल्या परिचयाचा नाही. तो आपल्याकडे रुळला तो इंग्रजी विद्येच्या काळात, शाळा, परीक्षा आणि नोकरी यांच्या आसपास. आणि त्या पर्यावरणात त्याचा अर्थ प्रशस्त झाला यात नवल नाही.

परंतु लोकांच्या तोंडची मराठी त्याच्यासाठी थांबली नव्हती. मोठे होण्याच्या इच्छेचे शब्द तिने अन्यत्र मिळविले होते, आणि ते कोठून मिळविले हे पाहणे उद्बोधक आहे. अरबी ‘हवस’ हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. हिंदीत तो आज वासनेचा वाचक आहे. मराठीत त्याची ‘हौस’ झाली, आणि हौस ही लहान मुलालाही असते. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो ते कौतुकाने. ‘ज़िद’च्या मुळाशी अरबीत विरुद्ध असणे, उलट असणे हा अर्थ, हिंदीत त्यातून हट्ट झाला, मराठीत ‘जिद्द’ झाली. संस्कृतातील ‘ईर्ष्या’ म्हणजे मत्सर. हिंदी, बंगालीत तोच अर्थ टिकून आहे. मराठीत मात्र एखादा मुलगा ‘ईर्षेने’ अभ्यास करतो, आणि ‘इरेला पेटलेला’ माणूस कौतुकास पात्र होतो. फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा. हिंदीत ती आशाच राहिली, म्हणजे कोणाकडून तरी असते. मराठीत ‘उमेद’ अंगात असते. ती खचते, वाढते, तिचा एक काळ असतो. बाहेरून मिळणाऱ्या गोष्टीची वाट पाहणे हा अर्थ जाऊन आतली शक्ती हा अर्थ आला.

चार शब्द, चारही बाहेरचे किंवा उसने घेतलेले, आणि चारही मराठीत येऊन वर चढलेले. भाषाशास्त्रात याला अर्थोत्कर्ष म्हणतात, आणि त्याची सुटी उदाहरणे प्रत्येक भाषेत सापडतात. पण एकाच अर्थक्षेत्रातले चार शब्द एकाच दिशेने सरकतात तेव्हा ती सुटी उदाहरणे राहत नाहीत. माझ्या मते, ज्या समाजात धर्मग्रंथांचा उपदेश निरिच्छतेचा आणि जगणे मात्र कोरडवाहू जमिनीचे व शिपाईगिरीचे, त्या समाजाला इच्छेसाठी असे शब्द हवे होते की ज्यांच्यावर उपदेशाची सावली पडलेली नाही. अशा वेळी परका शब्द सोयीचा ठरतो. ‘लोभ’ किंवा ‘तृष्णा’ यांना वर चढविणे शक्य नव्हते. त्यांची कीर्ती आधीच ठरून गेली होती. ‘ईर्ष्ये’चे उदाहरण या उपपत्तीत नीट बसत नाही हे मी मान्य करतो. ती संस्कृत असूनही वर चढली. उच्चारात ‘ईर्षा’ आणि पुढे ‘ईर’ अशी घसरून ती मुळापासून सुटी झाली, एवढे स्पष्टीकरण मला सुचते.

‘उमेदी’चा एक वंशज आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, तो म्हणजे ‘उमेदवार’. शब्दशः आशा बाळगणारा. कचेरीत जागा रिकामी होईल या आशेवर बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर काम करीत राहणारा तरुण, हा त्याचा जुना अर्थ. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ मधील ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशातही नोकरीच्या प्रतीक्षेत असलेला आशावंत म्हणून या शब्दाची नोंद आहे. आजही ‘उमेदवारीचा काळ’ म्हणजे शिकण्याचा, राबण्याचा, वरिष्ठांची बोलणी खाण्याचा काळ. आणि कारखान्यांच्या जाहिरातींत शिकणाऱ्या कामगाराला ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणतात. पुढे हाच शब्द निवडणुकीला उभ्या राहणाऱ्यास मिळाला. लॅटिनमध्ये अशा माणसाला ‘कांदिदातुस’ म्हणत, कारण तो शुभ्र झगा घालून हिंडे. तेथील शब्द त्याच्या दिसण्यावरून आला, आपला त्याच्या ताटकळण्यावरून. रोममध्ये मत मागण्यावरून महत्त्वाकांक्षेला नाव मिळाले. आपल्याकडे नोकरी मागणाऱ्याचे नाव मत मागणाऱ्याला मिळाले. दोन समाजांत सत्तेच्या दारात प्रथम कोण उभा राहिला याचा हा भाषिक पुरावा आहे.

उमेदवार निदान दारात तरी उभा आहे. त्याहून अलीकडे, रस्त्यावर असलेल्या मुलासाठी मराठीने ‘होतकरू’ हा शब्द केला. ‘होणे’ या क्रियापदावरून आलेला हा शब्द संस्कृत ‘बुभूषु’चा जणू देशी भाऊ आहे : जो होऊ घातला आहे तो. निखळ मराठी घडणीचा, गोड आणि अर्थपूर्ण. पण त्याचा संसार पाहावा. वर्तमानपत्रांतील शिष्यवृत्तीच्या बातमीत, देणगीच्या फलकावर, वह्यावाटपाच्या कार्यक्रमात तो ‘गरीब व होतकरू’ किंवा ‘गरजू व होतकरू’ अशा जोडीनेच भेटतो. श्रीमंताचा मुलगा होतकरू नसतो, तो महत्त्वाकांक्षी असतो. होतकरू हा शब्द कोणी स्वतःविषयी वापरीत नाही. ‘मी महत्त्वाकांक्षी आहे’ असे मुलाखतीत सांगता येते, ‘मी होतकरू आहे’ हे वाक्य मराठीत जवळजवळ अशक्य आहे. तो देणाऱ्याने घेणाऱ्याला दिलेला शब्द आहे. त्यात आशीर्वाद आहे आणि मोजमापही आहे.

या शब्दामागे महाराष्ट्रातील शिक्षणाचा एक दीर्घ इतिहास उभा आहे. माधुकरी मागून किंवा वार लावून, म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवून, शिकलेल्यांच्या हकिकती आपल्या चरित्रवाङ्मयात जागोजाग आहेत. धोंडो केशव कर्वे यांनी ‘आत्मवृत्ता’त सांगितलेली हकिकत प्रसिद्ध आहे. परीक्षेसाठी ते कोकणातील मुरुडहून घाट ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. या मुलाला आपण काय म्हणू? महत्त्वाकांक्षी हा शब्द त्याला ढगळ होतो, होतकरू तोकडा पडतो. विशेष असे की वार लावण्याची ही सोयसुद्धा सर्वांना नव्हती. ज्यांना दुसऱ्याच्या ओट्यावर चढण्याची मुभा नव्हती त्यांना कोणी वार देत नव्हते, आणि म्हणून होतकरू हा कृपेचा शब्ददेखील त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता. त्यांच्यासाठी भाषेत होती ती ‘पायरी’ : पायरीने राहावे, पायरी ओळखावी. जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा उघडली. कोल्हापुरात १९०१ पासून शाहू महाराजांच्या प्रेरणेने विद्यार्थी वसतिगृहे उभी राहिली. १९१९ मध्ये भाऊराव पाटील यांनी साताऱ्याकडे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. या घटनांचा शैक्षणिक इतिहास लिहिला गेला आहे. त्यांचा शब्दार्थाच्या इतिहासाशी असलेला संबंध मात्र फारसा पाहिला गेलेला नाही. भाऊरावांच्या ‘कमवा आणि शिका’ या योजनेने होतकरू मुलाला घेणाऱ्याच्या जागेवरून हलविले. स्वतःच्या श्रमावर शिकणाऱ्याला होतकरू म्हणणारा दाता उरत नाही. हा मुलगा ‘जिद्दी’ आहे. माझ्या वर्गातल्या परिच्छेदात भेटलेला कामगाराचा मुलगा हाच.

आता स्त्रियांकडे वळू. ज्या मराठी स्त्रीला लोकस्मृतीने सर्वाधिक ठामपणे महत्त्वाकांक्षी ठरविले ती रघुनाथरावांची पत्नी आनंदीबाई. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. नारायणरावास ‘धरावे’ अशा आज्ञेचे आनंदीबाईने ‘मारावे’ केले ही कथा इतकी रूढ आहे की ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचारच होऊन बसला. तो बदल तिनेच केला हे सिद्ध करणारा निर्विवाद पुरावा नाही. गादी हवी होती ती रघुनाथरावांना, खुनानंतर ती काही काळ मिळाली तीही त्यांना, आणि रामशास्त्री प्रभुणे यांनी दोष दिला तोही त्यांनाच. तरी परंपरेने त्यांच्या इच्छेला भोळसटपणाचे, दुबळेपणाचे पांघरूण घातले, आणि इच्छेचा सगळा धारदार भाग पत्नीच्या हाती, तोही एका अक्षरात, ठेवला. येथे लेडी मॅकबेथचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पण मॅकबेथ निदान स्वतःच्या तोंडाने आपल्या महत्त्वाकांक्षेविषयी बोलतो. राघोबादादांना ती मुभाही आपल्या कथेने दिली नाही.

दुसरी आनंदीबाई याच्या नेमकी उलट आहे. १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून एम.डी. झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पुण्यात निवर्तल्या. जाण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, त्यांनी सेरामपूर येथे इंग्रजीत भाषण करून आपण का जात आहोत हे सांगितले. त्या भाषणातले मुख्य कारण असे की हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची गरज आहे. आपल्याला मोठे व्हावयाचे आहे असे त्यांनी म्हटले नाही. म्हणता आले नसते. पुढच्या काळात मराठी मनाने त्यांची कथा स्वीकारली तीही बव्हंशी पतीच्या नावाला जोडून. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ मधील कादंबरीचे नाव ‘आनंदी गोपाळ’, आणि त्यात गोपाळरावांची जिद्द ही कथेचे इंजिन आहे. एका आनंदीबाईच्या बाबतीत नवऱ्याची इच्छा बायकोच्या नावावर चढविली, दुसरीच्या बाबतीत बायकोची इच्छा नवऱ्याच्या नावावर. दोन्ही वेळा भाषेने स्त्री आणि स्वतःसाठीची आकांक्षा यांना एका वाक्यात राहू दिले नाही. पुत्रासाठी असलेली आकांक्षा मात्र वंद्य आहे. जिजाबाईंचे चरित्र आपण त्याच रीतीने सांगतो.

हे सारे भूतकाळाचे आहे असे समजण्याची सोय मला नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या संगणकातील जुनी शिफारसपत्रे चाळताना माझ्या ध्यानात आले की पुरुष विद्यार्थ्यांविषयी मी ‘महत्त्वाकांक्षी’ हा शब्द निःसंकोच वापरीत आलो होतो, आणि विद्यार्थिनींविषयी ‘कष्टाळू’, ‘नम्र’, ‘मनमिळाऊ’. त्यांपैकी एक विद्यार्थिनी माझ्या पाहण्यात आलेल्या सर्वांत महत्त्वाकांक्षी संशोधकांपैकी होती. तिला हवी असलेली शिष्यवृत्ती मिळाली नाही. माझ्या पत्रामुळे असे म्हणण्यास आधार नाही, पण माझ्या पत्राने तिला मदत झाली असेही मला म्हणता येत नाही. मी तो शब्द टाळला कारण तो तिच्याविषयी वापरला तर वाचणारा त्याचा अर्थ ‘भांडखोर’ असा घेईल अशी मला धास्ती होती. ती धास्ती निराधार नव्हती, हे अधिक वाईट.

अलीकडे या शब्दाच्या वापरात आणखी एक वळण आले आहे. तो माणसांकडून वस्तूंकडे निघाला आहे. ‘शासनाचा महत्त्वाकांक्षी प्रकल्प’ हा शब्दप्रयोग आता इतका गुळगुळीत झाला आहे की प्रकल्पाला आकांक्षा कशी असेल, असा प्रश्नही पडत नाही. इंग्रजीवरून आलेला हा प्रयोग व्याकरणदृष्ट्या लक्षणा म्हणून सोडून देता येईल. मात्र त्यामुळे माणसासाठी शब्द थोडा रिकामा झाला. राजकारणातल्या महत्त्वाकांक्षी माणसासाठी तर मराठी वृत्तपत्रांनी तो जवळजवळ सोडूनच दिला आहे आणि त्याजागी ‘इच्छुक’ हा शब्द आणला आहे. तिकीट मिळेपर्यंत माणूस इच्छुक, मिळाल्यावर उमेदवार, न मिळाल्यास बंडखोर. इच्छुकांच्या मुलाखती होतात, इच्छुकांची भाऊगर्दी होते, आणि फारच घाई करणाऱ्याने गुडघ्याला बाशिंग बांधले असे म्हणतात. कपाळाचे बाशिंग गुडघ्याला, म्हणजे बसल्या जागीच लग्नाची तयारी. लॅटिन ‘अंबितिओ’ला इतके दृश्य रूप नाही. याच माणसाला कन्नड वृत्तपत्रे ‘आकांक्षी’ म्हणतात, तेलुगू वृत्तपत्रांत तो ‘आशावह’ असतो, आणि हिंदीत तो ‘दावेदार’ होतो. एकच उभा राहू पाहणारा माणूस. मराठीत तो फक्त इच्छितो, तेलुगूत आशा वाहतो, हिंदीत मात्र हक्क सांगतो. भारतीय लोकशाहीच्या तौलनिक अभ्यासाला या चार शब्दांपासून सुरुवात करता येईल.

जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने विकासाच्या निर्देशांकांत मागे राहिलेल्या जिल्ह्यांसाठी जो कार्यक्रम सुरू केला, त्यात अशा जिल्ह्यांना इंग्रजीत ‘ॲस्पिरेशनल’ असे नाव देण्यात आले. महाराष्ट्रातील नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे २०२३ पासूनचे धाराशिव, हे चार जिल्हे त्यात आले. मागास म्हणण्याऐवजी आकांक्षा असलेले म्हणावे हा त्यामागचा हेतू. हिंदीत त्याचे ‘आकांक्षी जिला’ झाले. मराठीत ‘आकांक्षित जिल्हा’ हे रूप बरेच पसरले. ‘आकांक्षित’ हे कर्मणि रूप आहे. त्याचा अर्थ ज्याची आकांक्षा धरली जाते तो. इच्छा करणारा जिल्हा मराठीत येताना इच्छिलेला जिल्हा झाला. एका गडचिरोलीच्या विद्यार्थ्याने वर्गात विचारले की आमची आकांक्षा नेमकी कोण धरीत आहे. मी त्याला प्रत्ययाचा नियम सांगितला आणि शासकीय कागदपत्रांतून, वृत्तपत्रांतून ‘आकांक्षी’ व ‘आकांक्षित’ ही दोन्ही रूपे कोठे कोठे येतात ते शोधून आणावयास सांगितले. ते काम अजून चालू आहे.